यादीत नसलेला ग्रह

१

गॅस बंद केला का, दाराला कडी लावली का, मुलीच्या अंगावर पांघरूण आहे का, या काळज्यांनी मी रोजच जागी असते. त्यांची आता सवय झाली आहे. त्या येतात, मी उठते, बघून येते, पुन्हा आडवी होते. त्या आठवड्यात आलेली काळजी मात्र उठून बघून येण्यातली नव्हती. आपल्या हातून एक ग्रह जास्त तर पडला नाही ना, ही ती काळजी.

हे जरा समजावून सांगायला हवं.

मी लहान ग्रह शोधणाऱ्या एका गटात काम करते. आमचे तारे म्हणजे लाल बटू. अंगानं छोटे, स्वभावानं तापट आणि सूर्यापुढे अगदीच मिणमिणते. अशा ताऱ्यासमोरून पृथ्वीएवढा ग्रह गेला की ताऱ्याचा प्रकाश हजारात दोन भागांनी उतरतो, तासभर तसाच राहतो आणि पुन्हा वर येतो. कागदावर काढलं तर सरळ रेघेच्या गालाला खळी पडल्यासारखी दिसते. आम्ही तिला खळीच म्हणतो. दिवसभर हजारो ताऱ्यांच्या रेघा डोळ्यांखालून घालायच्या आणि खळी दिसली की हात वर करायचा, हे माझं काम. सासूबाई लोकांना सांगतात, "सून कॉम्प्युटरवर रेघा बघते." त्यात चूक काहीच नाही.

आता रेघा बघून बघून माणसाची नजर मरते. म्हणून आमच्यात एक पद्धत आहे. गटातल्या एकानं रेघांच्या प्रतीत गुपचूप काही खोटे ग्रह पेरायचे. बाकीच्यांना पत्ता लागू द्यायचा नाही. कुठे पेरले, केवढे पेरले, हे हातानं कागदावर लिहायचं, कागद पाकिटात आणि पाकीट आमच्या गटप्रमुख मॅडमच्या कपाटात. काही महिन्यांनी पाकीट फोडायचं. खोट्यांतले किती सापडले ते कळलं की खरे किती निसटत असतील याचा अंदाज येतो. ग्रहांचे आकडे मात्र स्वतःच्या मनानं घ्यायचे नाहीत, यंत्रानं दिलेले वापरायचे, असा कडक नियम आहे. कारण माणूस म्हटला की आवडीनिवडी आल्या.

या खेपेला पेरणारी मी होते, आणि तो नियम मी मोडला.

मुंगी मांडीवर होती. मुंगी म्हणजे माझी मुलगी, तेव्हा नुकती तीन वर्षांची झालेली. कीबोर्डावर तिची केळ्यानं माखलेली बोटं. आकडे काढणारा प्रोग्रॅम तासभर रुसून बसलेला. आणि समोर फ्रिजवर तिच्या वाढीचा तक्ता चिकटवलेला. जन्म, पन्नास सेंटिमीटर. सहा महिने, पासष्ट. तीन वर्षं, चौऱ्याण्णव. एकूण बारा ओळी. मी बारा ग्रह पेरले. पन्नास सेंटिमीटरचा झाला पृथ्वीच्या ०.५० पट, चौऱ्याण्णवचा झाला ०.९४ पट. कुणाला कळणार होतं?

२

चार महिन्यांनी मॅडमनी सगळ्यांसमोर पाकीट कात्रीनं कापलं.

"पेरलेले बारा," त्या म्हणाल्या, "आणि आपल्याला सापडलेले... बारा. अरे वा!"

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

"एक मिनिट," शंकासूर म्हणाला. आमच्या गटात हा एक आहे. पायातल्या चपला आपल्याच आहेत का, अशीही शंका त्याला दिवसातून दोनदा येते. "सापडले बारा, पण ते हे बारा नाहीत."

त्यानं यादीवर बोट फिरवलं. माझे अकराच सापडले होते. पन्नास सेंटिमीटरचा, म्हणजे जन्मतःचा, कुणालाच दिसला नव्हता. इतका गोड ग्रह, आणि कुणी ढुंकून बघितलं नाही! आईचं मन, जरा लागलंच. पण शंकासुराचं बोट दुसरीकडेच थांबलं होतं. एकशे अडतीस क्रमांकाचा तारा. त्याच्याभोवती एक ग्रह तिघांनी, एकमेकांना न विचारता, हात वर करून मान्य केला होता. यादीत तो नव्हता.

"फेरी सहा दिवसांची," शंकासूर म्हणाला. "बरोबर सहा? आपला दिवस केवढा असतो हे त्या ग्रहाला कुणी सांगितलं?"

"सहा दिवस वीस मिनिटं," मॅडम म्हणाल्या. "आकार ०.९६. पृथ्वीपेक्षा जरासाच लहान." मग त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. "हे बघ, तूच टाकलास आणि लिहायचा राहिला, असं झालं असेल तर आत्ता सांग. जगाला सांगून झाल्यावर नको."

"नाही हो मॅडम. बाराच टाकले."

"हिला काल मी विचारलं, चहात साखर घातलीस का," शंकासूर म्हणाला. "तर म्हणते, कुणाच्या?"

सगळे हसले. मीही हसले, पण अर्धंच. कारण त्याच आठवड्यात मी मुंगीच्या डब्याच्या पिशवीत लॅपटॉपचा चार्जर घालून तिला शाळेत पाठवलं होतं आणि ऑफिसात बसून तिचे सफरचंदाचे काप प्लगमध्ये लावायला निघाले होते. अशा बाईनं बाराच टाकले, हे छातीवर हात ठेवून कोण सांगणार? आणि आकाशात आपण काय ठेवलं हेच जिला आठवत नाही, तिच्या हाती लोक मूल कसं देतात?

ती काळजी ही. पाच दिवस तिनं मला झोपू दिलं नाही.

३

पाच दिवसांनी मूळ प्रत आली. दुर्बिणीकडून जशी निघाली तशी, कुणाचाही हात न लागलेली. माझ्या पेरणीचा तिच्याशी संबंधच नव्हता. मी एकशे अडतीस उघडला.

खळी होती.

मॅडमनी मला मिठी मारली. शंकासुरानंही पाठीवर थाप मारली आणि लगेच आपला हात कुठे ठेवला याबद्दल माफी मागितली. मी हवेतच घरी आले, चप्पल काढली, पाण्याची बाटली घ्यायला फ्रिजपाशी गेले आणि तिथेच उभी राहिले.

तक्त्यावर तेरावी ओळ होती. नवऱ्याच्या अक्षरात. तारीख गेल्या रविवारची. उंची, शहाण्णव.

"हे कधी मोजलंस?"

"तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा," नवरा कांदा चिरता चिरता म्हणाला. "भिंतीला टेकवून, डोक्यावर पुस्तक ठेवून, अगदी रीतसर. का गं?"

"शहाण्णवच?"

"आता काय, तुझ्यासाठी सत्त्याण्णव करू?"

मी त्याला सगळं सांगितलं. नियम मोडल्याचंही. माझा नवरा लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. कुठलीही अडचण ऐकली की तो आधी वर बघतो, मग खाली, मग दाराकडे. तसं त्यानं बघितलं.

"हे बघ," तो म्हणाला, "लिफ्ट आपोआप चौथ्या मजल्यावर थांबते म्हणून लोक घाबरतात, आम्हाला बोलावतात. दहातून नऊ वेळा कुणीतरी बटण दाबून जिन्यानं निघून गेलेलं असतं. बस."

"आणि दहाव्यांदा?"

"दहाव्यांदा आम्ही 'तपासणी केली' असं लिहितो आणि आम्हीही जिन्यानंच खाली येतो."

"बाबा, मी पण जिन्यानं," मुंगी टेबलाखालून म्हणाली. काहीही चाललेलं असो, ती त्यात असते.

मी स्वतःला समजावलं. तो तारा इतका लांब आहे की त्याचा प्रकाश आपल्याकडे यायला चाळीस वर्षं लागतात. आज दिसणारी खळी चाळीस वर्षांपूर्वी पडून गेलेली. तेव्हा मुंगी नव्हती. मुंगीची आईही नव्हती. त्या खळीचा माझ्या फ्रिजशी काय संबंध? दोन आकडे जुळले, एवढंच. आकडे जुळतातच. नवऱ्याच्या पोटाचा घेर आणि समोरच्या इमारतीचे मजले हेही गेली तीन वर्षं एकमेकांना धरून वाढताहेत.

हा विचार मला फार पटला. पटल्यावर आणखी एक विचार आला, तो नको होता. चाळीस वर्षांपूर्वी ती नव्हती, हे खरं. पण मग शहाण्णव हा आकडा तिथे आधीपासून तयार होता, आणि ती फक्त त्याच्यापर्यंत पोचली.

४

नंतर वजनवाल्यांचा निरोप आला.

वजनवाले म्हणजे दुसऱ्या संस्थेतला एक गट. ग्रह फिरताना आपल्या ताऱ्याला किंचित हलवतो. किती हलवतो ते मोजून ते ग्रहाचं वजन काढतात. योगायोगानं वर्षभर त्यांचं लक्ष एकशे अडतीसवरच होतं.

"पृथ्वीच्या १.४२ पट," मॅडमनी वाचलं.

"एवढ्याशा जिवाला एवढं वजन?" शंकासूर म्हणाला. "मग आतून निव्वळ लोखंड असणार."

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "तिला कडेवर घेऊन चार जिने चढणाऱ्याला विचारा. आम्ही केव्हाचं सांगतोय, लोखंडच आहे."

त्याच संध्याकाळी मी मुंगीला वजनकाट्यावर उभं केलं. तिनं एक पाय वर धरला, कारण एका पायावर वजन निम्मं भरतं असं तिचं मत आहे. मी दोन्ही पाय खाली ठेवायला लावले. काटा थांबला. तेरा किलो आठशे.

चौदा किलो दोनशे नाही, म्हणजे १.४२ नाही! मी स्वयंपाकघरात गिरकी घेतली. मुंगीला वाटलं तिनं काहीतरी जिंकलं, तिनंही गिरकी घेतली आणि टेबलाच्या पायावर आपटली. तिच्या कपाळाला बर्फ लावतानाही माझं हसू थांबत नव्हतं. नवरा म्हणाला, "आई आहेस की कोण?"

बारा दिवसांनी तिच्या खोकल्यासाठी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी सवयीनं तिला काट्यावर चढवलं.

"चौदा दोनशे. छान! बाळसं धरलंय हो."

"पुन्हा करता का एकदा?"

त्यांनी पुन्हा केलं. चौदा दोनशे.

"बूट काढून?"

"बूट काढलेलेच आहेत." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "वजन वाढत नाही म्हणून आया रडतात. वाढलं म्हणून रडणाऱ्या तुम्हीच पहिल्या. झोप होते का तुमची?"

मी खोकल्याचं औषध घेतलं आणि बाहेर आले. आधी तिथे, मग इथे. मी मनात दोनच आकडे मांडले होते, आणि दोन आकड्यांवरून निष्कर्ष काढणाऱ्या माणसाला मी स्वतः ऑफिसात हसले असते. म्हणून थोडंसं हसूनही बघितलं. दवाखान्याच्या जिन्यावर ते बरं वाटलं नाही.

५

पुढची पायरी म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जात असताना प्रत्यक्ष बघायचा. लांबच्या एका डोंगरावरची दुर्बीण आम्हाला तीन फेऱ्यांसाठी मिळाली. तिकडे रात्र असते तेव्हा आपल्याकडे दुपार. घरी बसून पडद्यावर रेघ सरकताना बघता येते. मुंगी दुपारी झोपते, म्हणून पहिल्या फेरीला मी घरूनच काम घेतलं.

एक वाजून दहा मिनिटांनी मुंगी झोपली. तिच्या खोलीचे पडदे ओढलेले, कोपऱ्यात लाल झिरोचा बल्ब, कारण काळोखात ती झोपत नाही. मी दार अर्धवट लोटून बाहेर येऊन बसले तेव्हा रेघ खाली वळायला लागली होती. घर शांत होतं. फ्रिज घरघरत होता. मधूनच लिफ्टचं दार उघडून मिटत होतं. दोन वाजून अठरा मिनिटांनी रेघ पुन्हा वर आली, आणि त्याच मिनिटाला आतून आवाज आला.

"आई, सरक ना. लाईट अडतोय."

मी तिच्या खोलीत नव्हते. बाहेर टेबलाशी होते.

आत गेले तर ती अंथरुणावर बसून डोळे चोळत होती. "कुणाला सरक म्हणालीस, पिल्ला?"

"तुला."

"मी तर बाहेर होते."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग बल्बाकडे, आणि मोठी माणसं वाद सोडून देतात तसा हात हलवला. "असू दे," म्हणाली. "भूक लागली."

सहा दिवसांनी दुसरी फेरी. या खेपेला खळी दीड वाजता पडायची होती. पण वरच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीला भोकं पाडत होतं आणि मुंगी काही केल्या झोपेना. दीड वाजला. रेघ सरळ. पावणेदोन. रेघ सरळ. ऑफिसातून शंकासुराचे निरोप येत होते : "ग्रह गेला कुठे?" एक बावन्नला भोकं थांबली, मुंगी जांभई देऊन कलंडली, आणि रेघ खाली वळली.

ऑफिसात आनंदीआनंद झाला. "बावीस मिनिटं उशीर!" मॅडम फोनवर ओरडल्या. "म्हणजे जवळ आणखी एक ग्रह आहे, तो याला ओढतोय. एकावर एक!" माझी जितकी गाळण उडत होती, तितका आमचा गट खूश होत होता.

त्या दिवशी मी एक गोष्ट करून ठेवली होती. इतरांना वेड वाटेल, पण आमच्या धंद्यात हे साधं काम आहे. मुंगीच्या उशाशी प्रकाश मोजणारं छोटं यंत्र ठेवलं होतं, तोंड लाल बल्बाकडे. संध्याकाळी त्यातले आकडे काढून रेघ मारली. तिला खळी होती. हजारात दोन भाग, अडुसष्ट मिनिटं. काठ अगदी गोलसर, म्हणजे एखादा पडदा हलला किंवा विजेचा दाब उतरला तर पडते तशी नव्हे. मुंगी आणि बल्ब यांच्यामधून काहीतरी लहानसं, गोल, अजिबात घाई न करता गेलं होतं.

नवऱ्यानं रेघ बघितली. वर बघितलं, खाली बघितलं, दाराकडे बघितलं.

"बल्ब बदलतो," तो म्हणाला.

"आणि लिहितोस काय? तपासणी केली?"

तो हसला नाही. त्यानं बल्ब बदलला, होल्डर बदलला, आणि जुना बल्ब घरातल्या कचऱ्यात न टाकता खाली जाऊन लांबच्या पेटीत टाकून आला.

६

तिसऱ्या फेरीला मला ऑफिसात जाणं भाग होतं. मोठ्या दुर्बिणीचा वेळ कुणाला द्यायचा हे ठरवणारे साहेब येऊन बसणार होते. नवऱ्यानं रजा घेतली. "मी आहे ना," तो म्हणाला. "दार पूर्ण लोटणार नाही, फोन हातात ठेवीन. जा तू."

ऑफिसात शिरण्याआधी मी मॅडमना व्हरांड्यात गाठलं आणि कबूल केलं. आकडे यंत्राचे नव्हते, मुलीच्या उंचीचे होते. मला वाटलं, आता नोकरी गेली.

"एवढंच?" मॅडम म्हणाल्या. "माझ्या वेळी मी बुटांचे नंबर वापरले होते. सगळ्या गटाच्या. चल."

म्हणजे इतके महिने जे ओझं वाहिलं ते दीड मिनिटात उतरलं. आणि उतरल्यावर लक्षात आलं की भीती त्याची नव्हतीच.

खळी एक पन्नासला पडायची होती. पडद्यावर रेघ सरकत होती. साहेब बिस्कीट खात होते. एक पन्नास झाले. दोन झाले.

"मागच्या वेळीही उशीर झाला होता," मॅडम साहेबांना म्हणाल्या.

सव्वादोन. अडीच. तिकडे आकाश स्वच्छ होतं, वारा नव्हता, दुर्बीण नीट होती. मॅडमनी प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून घेतली. साहेबांनी दुसरं बिस्कीट खाली ठेवलं. तीन वाजले. रेघ टेबलाच्या कडेसारखी सरळ.

"नाहीये," शंकासूर म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या आवाजात शंका नव्हती.

मला बाकीचं ऐकू येईना. शहाण्णव आधी तिथे आलं, मग फ्रिजवर. चौदा दोनशे आधी तिथे, मग दवाखान्यात. आणि आता तिथे काहीच नव्हतं.

मी फोन लावला. चार रिंग. पाच.

"हां, बोल," नवरा दबक्या आवाजात म्हणाला.

"मुंगी?"

"झोपलीये. केव्हाची. एक पन्नासच्या ठोक्याला. वरती भोकंबिकं काही नाहीत आज."

एक पन्नासला झोपली, आणि खळी नाही.

"आत जाऊन बघ."

"अगं, जागी होईल."

"जाऊन बघ!"

सगळी खोली माझ्याकडे वळली. फोनमध्ये त्याची पावलं ऐकू आली. दार ढकलल्याचा आवाज. मग काहीच नाही. मग तो तिच्या नावानं हाक मारताना ऐकू आला, आधी हळू, मग मोठ्यानं.

"पांघरुणाखाली उशी आहे," तो म्हणाला. "नुसती उशी आहे गं."

७

घर ऑफिसपासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहे. मी किती वेळात गेले ते मोजलं नाही. लिफ्ट खालीच उभी होती, दार उघडं टाकून. मी जिन्यानं गेले.

नवरा स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसला होता. भांड्यांचे कप्पे उघडे, कपाटं उघडी, धुण्याचं यंत्र उघडं.

"यात दोनदा बघितलं," तो म्हणाला. "फ्रिजमध्येही बघितलं. बाहेरच्या दाराला आतून कडी होती. मी तिच्या दारासमोरच बसलो होतो. शपथ."

"तिची खोली?"

"तिथे तर आधी बघितलं. सगळीकडे. पलंगाखाली, पडद्यामागे."

मी तिच्या खोलीत गेले. दार सताड उघडं, भिंतीला टेकलेलं. पडदे ओढलेले, कोपऱ्यात नवा लाल बल्ब. पलंगावर उशी, तिच्यावर नीट ओढलेलं पांघरूण, लहान मुलानं ओढलेलं वाटणार नाही इतकं नीट. मी कान देऊन ऐकलं. फ्रिजची घरघर इथवर येत होती. तिच्याखाली आणखी एक आवाज होता, बारीक, कुणीतरी पुटपुटल्यासारखा.

आवाज दारामागून येत होता.

मी दार पुढे ओढलं. मुंगी होती. कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, दोन्ही तळहातांनी डोळे झाकून उभी. बाबानं घाईघाईनं दार ढकललं आणि पोरगी त्याच्या मागे झाकली गेली! इतकी साधी गोष्ट. लिफ्टची दारं जन्मभर उघडझाप करणाऱ्या माणसाला दारामागे बघायचं सुचलं नाही. मी तिथेच फरशीवर बसले आणि हसायला लागले. बाहेरून नवऱ्यानं विचारलं, "सापडली?" मी हो म्हणाले, आणि तोही हसायला लागला, जरा रडल्यासारखं.

"मुंगे, काय करतेस इथे?"

"आकडे मोजतेय," ती भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली. "बोलू नकोस, चुकेल."

"बाबा किती वेळ शोधतोय तुला. हाक ऐकू नाही आली?"

"आली की. पण राज्य माझ्यावर आहे."

"लपाछपी खेळतेस? कुणाबरोबर?"

तिचे ओठ हलत होते. मी तिचा खांदा धरला. अंग गरम होतं, नेहमीसारखं, झोपेतून उठल्यासारखं. जिवंत, घट्ट, चौदा किलो दोनशे. मला दुसरं काही नको होतं. ऑफिस गेलं, ग्रह गेला, सगळं गेलं तरी चालणार होतं.

खिशात फोन थरथरला. शंकासुराचा निरोप होता. "अजूनही नाही. ताऱ्यासमोर तर नक्कीच नाही. मग गेला कुठे?"

मी तो वाचत होते तेवढ्यात फोनच्या काचेवरची लाल तिरीप मंदावली. बल्ब माझ्या पाठीमागे होता. हजारातले दोन भाग माणसाच्या डोळ्याला दिसत नाहीत, हे मी कुणालाही लिहून देईन. हे दिसलं.

मुंगीनं मोजणं संपवलं. डोळ्यांवरचे हात काढून ती वळली आणि माझ्या खांद्यावरून मागे बघून खुदकन हसली. मी मान वळवायला लागले, तर तिनं दोन्ही हातांनी माझे गाल घट्ट धरले.

"आई, मागे नको ना बघूस! ती आऊट होईल."